संघ कसा वाढावा?



आपल्यापैकी अनेकांनी गेल्या दोन-चार वर्षांतच दीक्षाभूमीवर जाऊन दीक्षा घेतली आहे. घरातले जुने देव्हारे उतरले, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली. त्यानंतर वस्तीत काय होते, हे मी सदरमध्ये पुष्कळदा पाहिले आहे. चार घरे एकत्र येतात, मंडळ स्थापन होते, शिक्का बनतो, पावतीपुस्तक छापले जाते. वर्ष भरत नाही तोच कुणीतरी विचारतो, "शाखा किती झाल्या?" दुसरा विचारतो, "विहाराची इमारत केव्हा?" हे प्रश्न चांगल्या मनाने विचारले जातात. वाढ कुणाला नको असते? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवले गेले, त्यांना आपले काही तरी मोठे व्हावे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण संघाची वाढ कशी व्हावी आणि ती कुणी, किती वेगाने करावी, याविषयी आपल्या धम्मात पुष्कळ विचार झालेला आहे. विनयपिटकात तो प्रत्यक्ष घटनांच्या रूपाने आला आहे. आज त्यातल्या काही घटना मी तुमच्यापुढे ठेवतो.

उपसेन वंगंतपुत्र नावाचा एक भिक्खू होता. त्याला उपसंपदा मिळून एकच वर्ष झाले होते, तेवढ्यात त्याने दुसऱ्या एकाला उपसंपदा देऊन आपला शिष्य करून घेतले. वर्षावास संपला आणि तो त्या शिष्याला घेऊन तथागतांच्या दर्शनाला आला. तथागतांनी त्याला विचारले, तुला किती वर्षे झाली? तो म्हणाला, दोन. आणि या बरोबरच्या भिक्खूला? एक. हा कोण तुझा? माझा शिष्य. तेव्हा तथागतांनी त्याची चांगलीच कानउघाडणी केली. ज्याला अजून स्वतःच दुसऱ्याकडून शिकायचे आहे तो दुसऱ्याला काय शिकविणार, आणि अनुयायी गोळा करण्याच्या मागे तू इतक्या लवकर कसा लागलास, असा त्या बोलण्याचा आशय आहे. यानंतर नियम झाला की दहा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कुणी कुणाला उपसंपदा देऊ नये.

कथा इथेच संपत नाही. पुढे असे आढळले की काही भिक्खूंची दहा वर्षे भरली आहेत, पण ज्ञान काहीच नाही, आणि तरी ते शिष्य करीत आहेत. मग नियम पुन्हा सुधारला गेला. दहा वर्षेही हवीत आणि योग्यताही हवी. आपल्या मंडळांत "मी सर्वांत जुना सभासद" एवढ्या भांडवलावर अध्यक्षपद मागणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी हा दुसरा नियम जरूर वाचावा.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, तथागतांनी स्वतः तर झपाट्याने संघ वाढविला. सारनाथला पाच जण होते. मग यश आला, त्याच्या मागोमाग त्याचे चोपन्न मित्र आले. साठ भिक्खू झाले आणि लगेच तथागतांनी त्यांना चारी दिशांना पाठविले. एका वाटेने दोघांनी जाऊ नये, असेही सांगितले. हे खरे आहे. पण ते साठ जण कोण होते? विनयपिटक सांगते की ते सर्व अर्हत झालेले होते. त्यांना मागे वळून विचारायची गरज उरली नव्हती. प्रत्येक जण एकटा उभा राहू शकत होता, म्हणून प्रत्येकाला एकटे पाठविता आले.

पुढे उरुवेलचे तीन काश्यप बंधू आपले हजार जटाधारी शिष्य घेऊन संघात आले. त्यांच्या नंतर सारिपुत्त आणि मोग्गल्लान अडीचशे जणांसह आले. मगधात तर लोक कुरकुर करू लागले की हा श्रमण गौतम घरेच्या घरे मोडतो. आणि याच वाढीच्या काळात विनयपिटकात पहिली मोठी तक्रार येते. नवे भिक्खू नीट चीवर न नेसता भिक्षेला जात. लोक जेवत असताना त्यांच्या अन्नावर आपले उष्टे पात्र पुढे करीत. भोजनशाळेत आरडाओरडा करीत. त्यांना शिकविणारे कुणी नव्हते. लोक तथागतांच्या संघाला नावे ठेवू लागले.

तथागतांनी यावर काय केले, ते लक्ष देऊन पाहा. त्यांनी दार लावून घेतले नाही. येणाऱ्यांना परत पाठविले नाही. त्यांनी उपाध्यायाची व्यवस्था घालून दिली. प्रत्येक नव्या भिक्खूला एक उपाध्याय असावा, उपाध्यायाने त्याला मुलासारखे मानावे, त्याने उपाध्यायाला बापासारखे मानावे. उपाध्याय आजारी पडला तर शिष्याने शुश्रूषा करावी आणि शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने करावी. म्हणजे यापुढे संघाची वाढ उपाध्यायांच्या संख्येवर अवलंबून राहिली. जितके शिकविणारे, तितके शिकणारे. मला वाटते, संघटनेच्या वेगाचे खरे माप इथे आहे. आत यायला किती जण उत्सुक आहेत हे आपण मोजतो, पण त्यांना बोटाला धरून चालविणारे किती आहेत हे मोजायचे राहून जाते.

सारिपुत्ताने एकदा वेरंजा येथे तथागतांना विनंती केली होती की आताच सर्व नियम घालून द्यावेत, म्हणजे धम्म दीर्घकाळ टिकेल. विनंती बिनबुडाची नव्हती. फळीवर ठेवलेली मोकळी फुले वाऱ्याने उडून जातात, दोऱ्यात ओवलेली टिकतात, हा दृष्टान्त त्याच प्रसंगी आला आहे. तरीही तथागतांनी त्याला थांबायला सांगितले. संघ जुना होईल, विस्तारेल, त्याला लाभ मिळू लागतील, तेव्हा दोष उगवतील आणि त्या त्या दोषासाठी नियम होतील. त्याची वेळ तथागत जाणतात. आपल्याकडे याच्या उलट चालते. सभासद सात असतात आणि घटना चाळीस कलमांची असते. तीन उपाध्यक्ष, दोन सहसचिव, एक प्रसिद्धिप्रमुख. प्रसिद्धी कशाची करायची, ते नंतर ठरवू!

नियम घट्ट करणे म्हणजेच शहाणपण, असाही अर्थ कुणी काढू नये. अवंती-दक्षिणापथाची गोष्ट ऐका, ती आपल्या मुलखाच्या शेजारची आहे. तिथे महाकच्चान स्थविर राहात होते. सोण कुटिकण्ण नावाचा त्यांचा उपासक होता, त्याला भिक्खू व्हायचे होते. उपसंपदेला दहा भिक्खूंचा संघ लागे आणि त्या भागात भिक्खू विरळ. त्या एका माणसासाठी दहा भिक्खू जमवायला तीन वर्षे लागली. सोण पुढे श्रावस्तीला तथागतांच्या भेटीला निघाला, तेव्हा महाकच्चानांनी त्याच्याजवळ काही मागण्या पाठविल्या. त्यांतली एक अशी की आमच्याकडची जमीन वरून काळी, टणक, गुरांच्या खुरांनी तुडविलेली आहे, तेव्हा अधिक थरांच्या वहाणा वापरू द्याव्यात. उन्हाळ्यात काळ्या रानाची ढेकळे अनवाणी तुडविलेल्या विदर्भातल्या माणसाला ही मागणी समजावून सांगावी लागत नाही. तथागतांनी ती मान्य केली. आणि दुसरीही मान्य केली की सीमेवरच्या प्रदेशात दहाऐवजी पाच भिक्खू पुरेत, मात्र त्यांत एक तरी विनय जाणणारा असावा. संख्या निम्म्यावर आणली, जाणकाराची अट मात्र ठेवली.

आता आपल्या काळाकडे येऊ. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की मी हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आपल्या नागपुरात. मध्ये एकवीस वर्षे गेली. येवल्यानंतर निरनिराळ्या धर्मांचे लोक त्यांच्याकडे आले होते, घाई करणारे आपलेही होते. पण या एकवीस वर्षांत काय काय उभे राहिले ते पाहा. १९४२ च्या जुलैत याच नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली त्या वेळच्या औरंगाबादेत महाविद्यालय, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. ४ मे १९५५ रोजी भारतीय बौद्ध महासभा. या दरम्यान बौद्ध धम्माचा त्यांचा अभ्यास चालू होता, आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहून होत होता. धम्माचे दार उघडण्याआधी त्यांनी वाचणारी, हिशेब ठेवणारी, सभा चालविणारी माणसे तयार केली.

आणि तरीही मी इथे तुम्हांला खोटे समाधान देणार नाही. दीक्षेनंतर अवघ्या त्रेपन्न दिवसांनी, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. पुढची आखणी त्यांच्या मनातच राहिली. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या आजच्या भूभागात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आत होती. १९६१ मध्ये ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. दहा वर्षांत हजारपटीने वाढ! जगाच्या इतिहासात असे क्वचितच घडले असेल. एवढ्या लोकांना पुरतील इतके भिक्खू कुठून आणायचे? आपल्या आजी-आजोबांनी ज्या घरात कुणाला चार ओळी वाचता येत होत्या त्या घरी जमून वंदना पाठ केली, आणि लग्ने-मयती कशा पार पाडायच्या ते एकमेकांना विचारून ठरविले. त्या पिढीवर कुणी हसू नये.

मग बाबासाहेबांनी आणखी थांबायला हवे होते का? प्रत्येक गावात एक भिक्खू होईपर्यंत दीक्षा लांबविली असती, तर दीक्षा झालीच नसती. त्यांनी तर नागपुरातच सांगून टाकले की प्रत्येक बौद्धाला दुसऱ्याला दीक्षा देण्याचा अधिकार आहे. म्हणजे दार सताड उघडे. त्याचबरोबर प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा, अशीही त्यांची अपेक्षा होती. म्हणजे दारातून येणाऱ्याने आपल्या वाट्याचे ओझेही उचलायचे. मला यातून एवढे कळते की धम्मात येणाऱ्याला कधीही "नंतर ये" म्हणू नये. थांबवायचे असेल तर पदांना थांबवावे, शाखांना थांबवावे, इमारतीला थांबवावे. दीक्षाभूमीचा स्तूपच पाहा ना. १९७८ साली काम सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. तेवीस वर्षे लागली. त्या तेवीस वर्षांत स्तूप अपुरा आहे म्हणून कुणी यायचे थांबले नाही. उलट २०२४ मध्ये त्याच आवारात भूमिगत वाहनतळाचे काम निघाले, तेव्हा स्तूपाला धोका होईल या भीतीने लोकांनी १ जुलैला मोठे आंदोलन केले आणि शासनाला कामाला स्थगिती द्यावी लागली. त्या वादात कोण बरोबर होते यात मी शिरत नाही. पण वज्जींची जी सात लक्षणे तथागतांनी सांगितली, त्यांत वारंवार एकत्र जमणे आणि एकोप्याने निर्णय घेऊन उठणे ही दोन पहिलीच आहेत.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. दुसऱ्यांना उपदेश करणारा मास्तर म्हणून नुसता मिरविण्यात अर्थ नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. तुमच्या घरातही असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. त्याचे काय होते ते तुम्हांला ठाऊक आहे. शिकलेला आहे, म्हणून सचिव तोच, भाषण तोच करणार, अर्ज तोच लिहिणार, लग्नात मंगल परिणयाचा विधीही तोच लावणार. आणि त्यालाही ते आवडते, हे मी स्वतःवरून सांगतो. सदरमध्ये मंगळवारी बाजाराच्या मागच्या बाजूला एका खोलीत आम्ही मुलांसाठी रविवारचा धम्मवर्ग सुरू केला. चौदा मुले होती. वंदना, पंचशीलाचा अर्थ, बाबासाहेबांच्या चरित्रातला एखादा प्रसंग, आणि शेवटी अर्धा तास गणित, कारण आयांना गणित हवे होते. वर्ग छान चालला. खोलीची किल्ली शेजारच्या एका म्हाताऱ्या मायजवळ असे. ती दर रविवारी सातला येऊन दार उघडी, झाडून घेई, सतरंजी अंथरी. आम्ही पोहोचायच्या आत मुले रांगेत बसलेली असत. हे काम आहे, असे माझ्या कधी ध्यानातच आले नाही.

वर्षभरात गड्डीगोदामहून लोक आले, छावणीतून आले, आणखी दोन वस्त्यांतून बोलावणे आले. मी कुणालाच नाही म्हटले नाही. दिवाळीपर्यंत पाच वर्ग झाले. वर्षाच्या अहवालात मी तो आकडा ठळक अक्षरांत लिहिला. शिकविणारे मात्र आम्ही दोघेच, मी आणि माझा एक सहकारी शिक्षक. रविवारी सकाळी सायकलीवर नव्हे, मोटारसायकलवर, पण जीव मुठीत धरून एका वर्गातून दुसऱ्या वर्गात. जानेवारीत सहकाऱ्याच्या घरी आजारपण आले. फेब्रुवारीत माझी शाळेची परीक्षांची कामे निघाली. एकेक वर्ग आधी पंधरवड्याने भरू लागला, मग महिन्याने, मग बंद. एप्रिलमध्ये जयंतीच्या तयारीला मी सदरच्या खोलीवर गेलो तर कुलूप. मूळचा वर्गही दोन महिने भरला नव्हता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. किल्ली घ्यायला मायच्या दारात गेलो. ती म्हणाली, "मास्तर, पाच ठिकानी पंगत मांडली तुमी, अन् वाढाले हात दोनच. घरचे पोरं उपाशी राह्यले नं बाप्पा."

मला उत्तर देता आले नाही. उपसेनाची गोष्ट मी तोपर्यंत किमान चार वेळा व्यासपीठावरून सांगितली होती.

त्या दोन महिन्यांतही ती पहिले काही रविवार दार उघडून बसली होती. मुले येत, वाट पाहात, निघून जात. मुलांचा विश्वास एकदा मोडला की तो परत आणायला किती वेळ लागतो, हे शिक्षकाला सांगायला नको. चौदांपैकी सहाच परत आली.

आम्ही पुन्हा सुरुवात केली ती एकाच खोलीत. या वेळी तीन गोष्टी आधी ठरविल्या आणि त्या ठरविताना मायला आणि चार आयांना बैठकीत बसविले. वर्ग माझ्यावाचून सलग एक वर्षावास, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, चालला पाहिजे. मी त्या काळात मागे सतरंजीवर बसेन, बोलणार नाही. (हे मला फार जड गेले. मास्तरला गप्प बसविणे म्हणजे काय ते माझ्या बायकोला विचारा.) दुसरे, जमाखर्च दर पौर्णिमेला वाचून दाखवायचा, रक्कम साठ रुपये असली तरी. तिसरे, नवा वर्ग मागणाऱ्या वस्तीने आधी आपली दोन माणसे आमच्याकडे पाठवायची. त्यांनी इथे बसून शिकायचे, मग तिकडे जायचे. मंडळातल्या तरुणांना हे पसंत पडले नाही. शेजारच्या मंडळाच्या नऊ शाखा झाल्या आणि आपण एकाच खोलीत बसलो, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही, कारण नऊ हा आकडा एकापेक्षा मोठाच आहे. कदाचित त्या नऊही नीट चालतील, तसे झाले तर मला आनंदच आहे.

गेल्या पावसाळ्यात बारावीतल्या एका मुलीने वर्ग घेतला. पहिल्या रविवारी तिला घाम फुटला होता, अष्टांगिक मार्गातले एक अंग ती विसरली. पुढच्या रांगेतल्या मुलाने ते सांगितले आणि सारा वर्ग हसला, तीही हसली. आश्विन पौर्णिमेला मुले एकोणीस होती. साऱ्या पावसाळ्यात एकच रविवार चुकला, तोही रस्त्यावर पाणी साचले म्हणून.

गड्डीगोदामची दोन माणसे सध्या आमच्या वर्गात येऊन बसतात. एक भाजीचा ठेला लावतात, दुसऱ्या बाई अंगणवाडीत आहेत. भाजीवाल्या दादांना वाचायला अजून थोडे अडखळते, पण मुले त्यांचे ऐकतात. येत्या आषाढ पौर्णिमेपर्यंत थांबू या, असे आम्ही त्यांना सांगितले आहे. त्यांनी ते मान्य केले आहे. मायचे आता वय झाले, तिला रोज उठवत नाही. म्हणून तिकडच्या खोलीचे कुलूप कोण उघडणार, हे तेवढे तिने त्यांना पहिल्याच दिवशी विचारून घेतले. त्यांनी दोन किल्ल्या करून घेतल्या आहेत.